अण्णांचं देणं

१९८८च्या मे महिन्यात मी कराडला सोमवार पेठेतल्या एका छापखान्यात कॉपी वाचायला लागले. रोजचे सहा रुपये. बारावीची परीक्षा झाली होती, वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि घरात आईच्या शिवणयंत्राशिवाय कमावणारं दुसरं काही नव्हतं. मूळ मजकूर मी मोठ्यानं वाचायचा आणि समोर बसून अण्णांनी तो ओल्या प्रुफाशी ताडून बघायचा, एवढंच काम. मराठी मी भराभर वाचायची. इंग्रजी आलं की अडखळायची, कारण शब्दाबरोबर स्वल्पविराम, पूर्णविराम, कुठलं अक्षर कॅपिटल, हे सगळं म्हणून दाखवावं लागे.

अण्णा तिथले सगळ्यात जुने जुळारी. शिक्षण मराठी सातवी. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कोर्टाच्या नोटिसा, कॉलेजची माहितीपत्रकं, टेंडरं यांचे खिळे एकेक करून जुळवता जुळवता ते त्यांच्या बोटांतून डोक्यात गेलं होतं. उच्चार बऱ्याचदा चुकायचे. अर्थ मात्र चुकायचे नाहीत. मी तीस वर्षं भाषांतरावर पोट भरते आहे, आणि अर्थाच्या बाबतीत त्यांच्याइतका सावध माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक टेंडर नोटीस आली. त्यात कुठलंसं बांधकाम कार्यकारी अभियंत्यांच्या देखरेखीखाली होणार असल्याचं वाक्य होतं, 'अंडर द ओव्हरसाइट ऑफ' अशा शब्दांत. मी वाचता वाचता थांबले आणि जरा तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, हा शब्द मला ठाऊक आहे. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख. आमच्या पत्रात आला होता."

"कसलं पत्र?"

वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात फिटर होते. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना बढती मिळाली होती, पण आईचं कुटुंब निवृत्तिवेतन ठरलं ते जुन्या पगारावर. आईनं अर्ज केला. दहा महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून ते मी लावलं. शाळेत बक्षीस मिळालेला कोश उघडला, ओव्हरसाइटपुढे पहिला अर्थ 'देखरेख' दिसला, आणि दुसरा वाचायला मी थांबले नाही. आईला सांगितलं, "ते म्हणतात, वाढीव पगाराची नोंद आमच्या देखरेखीखाली झालेली नाही." आईनं 'बरं' म्हटलं, पत्राची घडी घातली आणि देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकामागं ठेवून दिली. दोन महिने ते तिथंच होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली. काम चालू असताना स्टिक खाली ठेवताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

"त्या शब्दाच्या अलीकडं काय होतं? आठवून सांग."

पत्र मी इतक्यांदा वाचलं होतं की पाठच होतं. मी म्हणून दाखवलं. सुधारित वेतनाची नोंद सर्व्हिस बुकात झाली नाही, 'थ्रू ओव्हरसाइट ऑफ धिस ऑफिस'.

"थ्रू? नक्की थ्रू? अंडर न्हाई?"

"थ्रू."

"अगं पोरी," अण्णा म्हणाले, "ही तर कबुली दिलीया त्यांनी. आमच्या नजरचुकीनं ऱ्हायलं म्हणत्यात. पळ, घरी जा. पत्र घिऊन ये."

पत्र आणलं. दुसऱ्या परिच्छेदात बढतीच्या आदेशाची साक्षांकित प्रत नव्वद दिवसांत पाठवा असं लिहिलेलं होतं. पहिलाच परिच्छेद मी नकार म्हणून वाचल्यामुळे दुसरा मला नुसता आणखी एक हेलपाटा वाटला होता. नव्वदांतले अठ्ठ्याहत्तर दिवस उलटून गेले होते. अण्णांनी मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली, मला सायकलवर डबलसीट घेऊन कॉलेजवर गेले आणि प्राचार्यांची सही-शिक्का घेऊनच परतले. संध्याकाळच्या टपालानं प्रत गेली, रजिस्टर्ड. पावती त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवून घेतली, हरवू नये म्हणून.

एका शब्दाला दोन अर्थ असतात हे कुणालाही ठाऊक असतं. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे पट्टी. पण ओव्हरसाइटचं तसं नाही. नीट लक्ष ठेवणं म्हणजे ओव्हरसाइट, आणि लक्ष न राहिल्यानं झालेली चूक म्हणजेही ओव्हरसाइट. वरून पाहणं आणि पाहता पाहता एखादी गोष्ट नजरेतून निसटणं, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात पाचशेहून जास्त वर्षं शेजारी शेजारी राहत आल्या आहेत. असे शब्द इंग्रजीत बरेच आहेत. अण्णांनी त्यांना नाव ठेवलं होतं, 'मांडूळ'. आमच्याकडं मांडूळ सापाला दोन्हीकडं तोंड असतं असं समजतात. मी एकदा 'दुतोंडी शब्द' म्हटलं तर ते त्यांना आवडलं नाही. दुतोंडी माणूस खोटा असतो, म्हणाले. हे शब्द खोटे नाहीत, दोन्ही तोंडांनी खरंच बोलतात, आपल्याला ते कुठल्या तोंडानं बोलतायत हे कळलं पाहिजे.

ते कसं कळायचं, हे त्यांनी मला खिळ्यांवर दाखवलं. जुळारी डाव्या हातातल्या स्टिकमध्ये खिळे डावीकडून उजवीकडं लावत जातो, पण अक्षरं उलटी असतात, डोकं खाली आणि पाय वर. शिवाय छापल्यावर सुलटं दिसावं म्हणून खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं फिरवलेलं. त्यामुळं इंग्रजी लहान लिपीतला 'एन' हा 'यू'सारखा दिसतो, 'यू' हा 'एन'सारखा, आणि बी, डी, पी, क्यू ही चार भावंडं एकमेकांची सोंगं घेतात. नवीन पोरं इथंच रडकुंडीला येतात. अण्णांनी माझ्या तळहातावर एक खिळा ठेवला आणि विचारलं, "यू का एन?" मी म्हटलं, यू. त्यांनी माझी तर्जनी धरून खिळ्याच्या अंगावरून फिरवली. पोटावर आडवी बारीक खाच होती. प्रत्येक खिळ्याला ती असते. खाच वर असली की खिळा बरोबर बसलाय असं समजायचं, आणि मग जो यू दिसतोय तो एन.

"डोळं फसत्यात," ते म्हणाले. "अक्षराकडं एकटक बघत बसलीस तर जन्मात कळणार न्हाई. खाच कुठं हाय ती बघ."

'थ्रू' ही त्या वाक्यातली खाच होती. 'अंडर' असतं तर देखरेख, 'थ्रू' आहे म्हणून नजरचूक. अर्थ शब्दाच्या पोटात नव्हताच, अलीकडच्या त्या छोट्या शब्दात होता, आणि तो मी वाचून सोडून दिला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी थकबाकी आली. अकरा हजार तीनशे चाळीस रुपये, आणि पेन्शनमध्ये दरमहा वाढ. त्या पैशांवर मी पुण्याला वसतिगृहात राहून बी.ए. आणि एम.ए. केलं. आई धोतरजोडी, पेढे आणि पाचशे एक रुपयांचं पाकीट घेऊन अण्णांच्या घरी गेली. अण्णांनी पेढा तोंडात टाकला, बाकीचं ताट आईच्या हातात परत दिलं. "वहिनी, मी काय केलं? वाचलं फकस्त." आईनं फार आग्रह केला तेव्हा एकच गोष्ट मागितली, त्या पत्राची झेरॉक्स.

ती झेरॉक्स त्यांच्या वहीत चिकटवलेली होती. छापखान्यात कागद कापल्यावर उरणाऱ्या कातरणांची त्यांनी स्वतः शिवलेली ती वही, हिरव्या कापडी पाठीची. जुळवताना भेटलेलं प्रत्येक मांडूळ त्यात टिपलेलं असे. सुटीत कराडला गेले की मी आधी ती वही मागायची. पहिल्या पानावर 'फास्ट' होता. पेठेतल्या कापडाच्या दुकानाची जाहिरात त्यांनी जुळवली होती, 'फास्ट कलर'. फास्ट म्हणजे पळणारा, मग रंग पळणारा असेल तर साडी कोण घेईल, असा प्रश्न त्यांना तेव्हा पडला होता आणि दोन दिवस सुटला नव्हता. पुढं मला भाषाशास्त्राच्या पुस्तकात उत्तर सापडलं. फास्टचा मूळ अर्थ घट्ट, पक्का. घट्ट धरणं, तसं नेटानं पळणं, आणि नेटानं पळणारा तो वेगवान. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि 'फास्ट'खाली लिहिलं, 'एकाच बापाची दोन पोरं.'

'क्लीव्ह'ची गोष्ट वेगळी निघाली. क्लीव्ह म्हणजे चिरणं, दुभागणं, आणि क्लीव्ह म्हणजे चिकटून राहणंही. मिरजेच्या ख्रिस्ती मंडळींचं एक पत्रक जुळवताना तो दुसरा अर्थ अण्णांना भेटला होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात, नवरा बायकोशी जडून राहतो तिथं हाच शब्द आहे. हे मात्र एका बापाचे नव्हेत. जुन्या इंग्रजीत ती दोन निराळी क्रियापदं होती, शतकानुशतकं बोलता बोलता त्यांचे उच्चार झिजून एक झाले. अण्णांनी वहीत लिहिलं, 'दोन वाड्यांची एक भिंत.'

'लेट'ही तसाच, दोन निरनिराळ्या जुन्या शब्दांचा. तो त्यांच्या वहीत माझ्या पासपोर्टवरून गेला. २००४ साली मला पहिल्यांदा परदेशी जायचं होतं. पासपोर्ट दाखवायला म्हणून मी अण्णांकडं गेले. फोटो त्यांनी पाहिला न पाहिला आणि आतल्या मजकुरावर बोट ठेवून वाचू लागले. राष्ट्रपतींच्या नावानं तिथं सगळ्यांना विनंती केलेली असते, या माणसाला मोकळेपणानं जाऊ द्या, 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'. अण्णा थबकले. लेट म्हणजे जाऊ देणं, मग 'जाऊ दिल्याशिवाय' असं कसं? मी सांगितलं की हा जुना लेट आहे, त्याचा अर्थच अडवणूक. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडं पडला की 'लेट' म्हणतात तोही हाच. ते म्हणाले, "म्हंजे जाऊ द्या आन् अडवू नका, दोन्ही एकाच वाक्यात. आन् खाच हितं 'विदाउट'." तो पासपोर्ट चार वर्षं माझ्याकडं होता, ओळखीसाठी कागदपत्रांना जोडायला शंभरदा झेरॉक्स काढला होता. ते पान मी वाचलं नव्हतं.

भाषांतराच्या कामात तर अण्णा माझ्यामागं उभेच असायचे. मे १९९८मध्ये मी पुण्यात एका दैनिकासाठी रात्रपाळीत तारांची भाषांतरं करत होते. ११ आणि १३ तारखेला पोखरणचे अणुस्फोट झाले आणि त्यानंतर रोज रात्री 'सँक्शन' हा शब्द टेबलावर येऊन पडू लागला. आमच्यात नुकताच लागलेला एक मुलगा होता, हुशार, बँकेतल्या कारकुनाचा मुलगा. घरात त्यानं लोन सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली, एवढंच ऐकलेलं. मराठीनं या मांडुळाचं एकच तोंड आपल्या घरात घेतलं आहे, मंजुरीचं. त्यामुळं अमेरिकेनं भारतावर सँक्शन्स लादल्याची तार वाचून तो गोंधळून गेला, त्यात पुन्हा जागतिक बँकेच्या कर्जांचा उल्लेख. मी त्याला अण्णांचीच भाषा सांगितली. पुढं 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर निर्बंध, कर्ज किंवा खर्च असेल तर मंजुरी. लॅटिनमधला मूळ शब्द पवित्र ठरवून बंधनकारक करणं या अर्थाचा. कायदा एकाला मुभा देतो आणि मोडणाऱ्याला दंड करतो, तेव्हा एकाच कायद्याच्या या दोन बाजू शब्दाला येऊन चिकटल्या. तो मुलगा आता एका मोठ्या वृत्तपत्रात वृत्तसंपादक आहे आणि नव्या मुलांना 'खाच बघ' म्हणतो असं ऐकते.

पुढं एका कारखान्याच्या वाटाघाटींची टिपणं माझ्याकडं यायची. व्यवस्थापन अमेरिकन, कामगार संघटना आपली. एका टिपणात लिहिलेलं होतं की घरभाडे भत्त्याची मागणी 'टेबल' करण्यात आली. आपल्याकडं विधिमंडळात कागद पटलावर ठेवतात, म्हणजे सभागृहापुढं मांडतात. ब्रिटिश इंग्रजीत टेबलचा अर्थ तोच. अमेरिकन इंग्रजीत मात्र टेबल करणं म्हणजे विषय बाजूला सारणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांत यावरून लांबलचक वाद झाला होता, आणि दोघांनाही हवं होतं एकच, हे चर्चिलनं आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. इथं तर अलीकडं पलीकडं खाचही नव्हती. म्हणून मी तो कागद भाषांतर न करता परत पाठवला आणि विचारलं, हे लिहिणारे कोण, इकडचे की तिकडचे? तिकडचे निघाले. मागणी पुढं ढकलली होती. मी सवयीनं 'मांडली' लिहिलं असतं तर आठशे घरांत त्या दिवशी खोटी आशा गेली असती. चुकीचं वाचलेलं पत्र दोन महिने देवामागं ठेवून बसलेलं घर मी पाहिलं आहे.

१९९६मध्ये तो छापखाना बंद झाला. डीटीपी आलं, ऑफसेट आलं. खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले. अण्णांनी पगाराच्या हिशेबातून नऊ खिळे मागून घेतले आणि सुतळीनं बांधून मला दिले, कॅपिटल अक्षरांत ओव्हरसाइट. ते आजही माझ्या टेबलावर आहेत. शिसं काळं पडलंय, कडा गोल झाल्यात. नऊही खाचा एका रेषेत आहेत.

अशा शब्दांना इंग्रजीत १९६०च्या आसपास 'काँट्रोनिम' असं नाव मिळालं, अरबी पंडितांनी तर 'अद्दाद' म्हणून त्यांचे स्वतंत्र ग्रंथ मध्ययुगातच लिहिले होते, आणि आपल्या अमरकोशात 'आरात्' या एकाच शब्दाचे दूर आणि जवळ असे दोन्ही अर्थ दिलेत, हे सगळं मला वाचत वाचत कळत गेलं. दर वेळी वाटायचं, अण्णांना सांगितलं पाहिजे. बरंचसं सांगितलंही. ते लक्ष देऊन ऐकायचे, टिपून घ्यायचे. अद्दाद हा शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

२००९च्या पावसाळ्यात अण्णा गेले. मला कळलं तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. सूनबाईंनी वही बाजूला काढून ठेवली होती, "तुमचीच आहे म्हणाले होते." शेवटची काही पानं मराठी शब्दांची होती, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. 'परवा', होऊन गेलेला आणि येणारा. 'शिक्षा', पोथीत विद्या आणि आपल्याकडं छडी. 'वाढवणे', ज्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'लेकरू वाढवतात, नारळ वाढवतात.' अखेरच्या पानावर अक्षर फार हललेलं होतं. त्यावर एकच शब्द, 'देणं'. खाली दोन ओळी: 'देवाचं देणं. सावकाराचं देणं.' आणि प्रुफात करतात तशी, खाचेची छोटी आडवी रेघ. ती 'देवाचं' आणि 'सावकाराचं' या दोन शब्दांखाली ओढलेली होती.

एवढं मोठं ऋण फेडायला मला काही करता आलं नाही. त्यांच्या नातवाच्या फीसाठी मी एकदा पैसे पुढं केले तर अण्णांनी ते घेतले, पण सहा महिन्यांत मनीऑर्डरनं परत पाठवले. ऋणानुबंध या शब्दात ऋण आधी आणि बंध नंतर येतो. आमच्या बाबतीत तो शब्द तंतोतंत तसाच घडला, आणि बंध राहावा म्हणून मी ऋण फेडायची घाई सोडून दिली.

आई पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी तिला कराडला बँकेत घेऊन जाते. इंग्रजी तिला येत नाही, सहीपुरतंही नाही. पण बँकेतून, नगरपालिकेतून, कुठूनही इंग्रजी कागद आला की ती चष्मा न लावताच तो माझ्या हातात देते, माझ्या बोटाकडं बघत राहते आणि विचारते, "थ्रू हाय का अंडर? नीट बघून सांग."